सिंगापुरात पहिल्यांदा चिकन राईस पार्सल घेताना

सिंगापुरात नवीन घरात सामान येऊन पडतं, त्या दिवशी कुकर खोक्यात असतो, मसाल्याचा डबा कुठल्या बॅगेत आहे ते आठवत नाही आणि लिटल इंडिया गाठायचं तर दोनदा गाडी बदलावी लागते. घराखाली मात्र कोपीतिआम असतं, म्हणजे पाच-सहा खाण्याचे गाळे असलेलं कॉफीचं दुकान. त्यातल्या एका गाळ्यात काचेमागे आकड्यांना कोंबड्या टांगलेल्या असतात, काही पांढऱ्या, काही तपकिरी. आपल्याकडचे बहुतेक नवखे लोक त्या बघतात आणि पुढे जातात. ना रस्सा, ना फोडणी, ना लाल तर्री. मीही पहिले दोन महिने तशीच पुढे जात होते. आता आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे हे चिकन राईसचं पार्सल येतं. मला ज्या गोष्टी कुणी आधी सांगायला हव्या होत्या, त्या इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक: या जेवणात खरी चव भाताची आहे. नाव कोंबडीचं असलं तरी गाळा चांगला की वाईट हे भातावरून ठरतं. कोंबडीची चरबी कढईत वितळवायची, त्यात आलं-लसूण परतायचं, धुऊन निथळलेले कच्चे तांदूळ त्यात परतायचे आणि मग साध्या पाण्याऐवजी कोंबडी शिजवलेलं पाणी घालून भात शिजवायचा. सोबत गाठ मारलेली पांदानची पानं. हे पान म्हणजे आपल्याकडे 'अन्नपूर्णा' म्हणून अंगणात लावतात आणि भातात टाकतात तेच. भाताचं झाकण उघडलं की येणारा वास म्हणूनच अर्धा ओळखीचा वाटतो.

मराठी जिभेला हे सांगायचं तर आळणी भात आठवा. मटण-चिकनच्या खानावळीत तिखट रश्श्याच्या आधी आळणी पाण्याची वाटी येते, मीठ-हळदीत शिजलेल्या मांसाचं पाणी. त्याच पाण्यात शिजवलेला भात ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना चिकन राईस परका वाटणार नाही. हळद वजा करा, आलं वाढवा.

याच कारणासाठी एक महत्त्वाची सूचना. चतुर्थी, सोमवार, श्रावण पाळणाऱ्यांनी 'चिकन नको, फक्त भात आणि भाजी द्या' असं इथे सांगू नये. तो भात शाकाहारी नाही. सोबतचं सूपही नाही. बरोबर आलेल्या शाकाहारी नातेवाइकांना हे आधीच सांगा. त्यांच्यासाठी चिनी शाकाहारी गाळा वेगळा शोधा. चिनी पंचांगातल्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी अशा गाळ्यांवर चांगली गर्दी दिसते.

हा पदार्थ आला कुठून

पूर्ण नाव हाइनानीज चिकन राईस. दक्षिण चीनच्या हाइनान बेटावरच्या वेनचांग भागातली कोंबडी प्रसिद्ध आहे, मूळ तिथलं. हाइनानी लोक सिंगापुरात इतर चिनी समूहांपेक्षा उशिरा पोचले. व्यापारधंद्यांत आधीच्यांनी पाय रोवलेले होते, म्हणून त्यांतले पुष्कळ जण इंग्रजांच्या घरी आणि हॉटेलांत आचारी, वाढपी म्हणून लागले. मिडल रोड, पर्विस स्ट्रीट, सीआ स्ट्रीट हा त्यांचा मोहल्ला. वाँग यी ग्वान हे तिथे फिरून चिकन राईस विकत. केळीच्या पानात बांधून देत, असं सांगतात. म्हणजे हा पदार्थ सुरुवातीपासूनच पार्सलचा! त्यांच्याकडे शिकलेल्या मो ली ट्वी यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस 'स्वी की' हे रेस्टॉरंट काढलं. ते 1997 पर्यंत चाललं, आणि जुने सिंगापूरकर आजही त्याची आठवण काढतात.

गाळा कसा निवडायचा

पहिल्या वेळी प्रसिद्ध ठिकाणच गाठलं पाहिजे असं नाही. मॅक्सवेल फूड सेंटरमधल्या 'तिआन तिआन'चं नाव तुम्ही ऐकलं असेल. रांग लावायची तयारी असेल तर जरूर जा, मॅक्सवेल नावाचं मेट्रो स्टेशनच आता शेजारी आहे. ऑर्चर्ड रोडवरच्या 'चॅटरबॉक्स'मध्ये हाच पदार्थ 1971 पासून टेबलावर, तारांकित हॉटेलच्या थाटात आणि त्याच भावात मिळतो. पण रोजच्या खाण्यासाठी घराजवळचा गाळा शोधा. तिथे एका माणसाचं जेवण साधारण 4 ते 6 सिंगापूर डॉलरमध्ये होतं. मॉलमधल्या फूड कोर्टात थोडं जास्त. घरपोच मागवलं तर आणखी जास्त, आणि प्रवासात भात वाफाळून चिकट होतो तो वेगळाच. पहिल्यांदा तरी स्वतः जाऊन आणा.

गाळ्यासमोर मिनिटभर उभं राहून बघा. दुपारी बारा ते दीडमध्ये ऑफिसची माणसं रांगेत असतील तर कोंबडी पडून राहत नाही, एवढं नक्की. कापून ठेवलेले तुकडे ट्रेमध्ये वाळत असतील तर पुढच्या गाळ्यावर जा. चांगल्या गाळ्यावर ऑर्डर आल्यावरच कोंबडी आकड्यावरून खाली येते. गोल, जाड, झाडाच्या बुंध्यासारखा लाकडी ठोकळा, त्यावर रुंद पात्याचा सुरा. चार-पाच घाव, मग सुऱ्याचं पातं आडवं करून तुकड्यांवर हलका दाब, आणि तेच पातं खालून सरकवून सगळे तुकडे एका ओळीत उचलून भातावर. त्यावर तिळाचं तेल आणि सोया सॉसचं पातळ पाणी. हे बघण्यासाठी रांगेत काचेच्या बाजूला उभी राहते मी.

डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी काचेत आणखी एक गोष्ट पाहावी. कडेने लालसर पट्ट्या टांगलेल्या असतील तर ते 'चार सिऊ', कुरकुरीत सालीचा चौकोनी तुकडा असेल तर ते भाजलेलं डुकराचं मांस. ठोकळा आणि सुरा बहुधा एकच असतो. चालत नसेल तर हलाल गाळ्यावर जा. तिथे 'मुइस' या सरकारी इस्लामी मंडळाचं हलाल प्रमाणपत्र लावलेलं दिसतं. मलय लोकांचा चिकन राईस, म्हणजे 'नासी आयाम', तोही उत्तम असतो. त्यात भाजलेली किंवा तळलेली कोंबडी जास्त मिळते आणि आपल्याकडच्या माणसाला ती पटकन रुचते.

संध्याकाळी साडेसातला निघालात तर रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेवा. माल संपला की गाळा बंद होतो. आणि हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडया, ठरावीक दिवशी संपूर्ण साफसफाईसाठी बंद असतात. त्याची पाटी आधीच लागलेली असते, येता-जाता नजर टाका.

पांढरी की तपकिरी

पाटीवर दोन नावं ठळक असतात: स्टीम्ड आणि रोस्टेड. स्टीम्ड म्हटलं तरी ती वाफवलेली नसते. पाणी उकळीच्या जरा खाली ठेवून त्यात अख्खी कोंबडी हळूहळू शिजवतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्याने कातडी घट्ट, गुळगुळीत होते आणि तिच्याखाली पारदर्शक थर जमतो. मांस इतकं मऊ राहतं की चावायला कष्ट नाहीत. ही कोंबडी गरम वाढत नाहीत. ती कोमट किंवा गारच असते, भात तेवढा गरम. 'काल कापून ठेवलेली दिली' असा समज करून घेऊ नका.

दुसरी भीती हाडाजवळच्या लालसरपणाची. हाडातला मगज लाल दिसणं या पद्धतीत नेहमीचं आहे. पण मांस स्वतः अर्धपारदर्शक, बुळबुळीत दिसत असेल तर ते कच्चं आहे, खाऊ नका. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर सरळ रोस्टेड घ्या. ती सोया सॉस लावून तपकिरी होईपर्यंत भाजतात किंवा तळतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी दोघांसाठी एक-एक घ्या. एकटे असाल तर रोस्टेड घ्या आणि दुसऱ्या खेपेला पांढरी. पांढरीची चव कळायला दोन-तीन वेळा लागतात, पण एकदा कळली की रोस्टेडकडे हात जात नाही. आमच्या घरी नवरा अजून रोस्टेडवरच आहे, आणि आमचा हा वाद मिटलेला नाही.

काउंटरवर काय बोलायचं

'पार्सल' हा शब्द चिनी गाळ्यावर कामाचा नाही. तिथे 'टेकअवे' म्हणा, किंवा इथल्या बोलीत 'दाबाओ', 'तापाव'. मलय गाळ्यावर 'बुंगकूस'. सगळ्यांचा अर्थ एकच, बांधून द्या. गाळेवाल्या बाईंना 'आंटी', गृहस्थांना 'अंकल' म्हणतात. आपल्या काकू-काकांसारखंच ते, बिनदिक्कत म्हणा.

मागणी लहान ठेवा, रांग मागे थांबलेली असते. 'आंटी, वन चिकन राईस, रोस्टेड, तापाव' एवढं पुरे. पुढचे प्रश्न त्याच विचारतील, आणि भराभर विचारतील. 'ड्रमस्टिक ऑर ब्रेस्ट?' न सांगितलं तर बहुतेक वेळा छातीचा भाग येतो. तंगडी हवी असेल तर थोडे पैसे जास्त पडतात, आणि ते द्यावेत. 'चिली?' याला नेहमी हो. 'कुकुंबर?' यालाही हो. हाडं काढून हवी असतील तर 'नो बोन', कातडी नको असेल तर 'नो स्किन'. पण कातडी काढून पांढरी कोंबडी खाणं म्हणजे साय काढून बासुंदी, निदान एकदा तरी कातडीसकट खाऊन पाहा.

भूक जास्त असेल तर 'ॲड राईस' म्हणा, नाण्यांच्या भावात भात वाढतो. चार जणांच्या घराला चार डबे घेण्यापेक्षा अर्धी कोंबडी वेगळी आणि भाताचे चार भाग घेणं परवडतं, तुकडेही चांगले मिळतात. कलेजी, पेटा, मोड आलेले मूग वाफवून सोया सॉसमध्ये, ऑयस्टर सॉस घातलेली हिरवी भाजी हे सगळं बाजूला मिळतं. पहिल्या वेळी एक भाजी घ्या, बाकी नंतर.

पैशांसाठी क्यूआर कोड बहुतेक ठिकाणी असतो, तरी दहा डॉलरची नोट खिशात असू द्या. बँक खातं उघडायला नव्या माणसाला वेळ लागतो आणि काही जुने गाळे रोखच घेतात. डब्याचे वीस-तीस सेंट वेगळे लावतात, ती फसवणूक नाही.

डब्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यावर घरी पोचल्यानंतरची चव अवलंबून आहे. जुने गाळे अजून मेण लावलेल्या तपकिरी कागदात बांधतात. आधी भात, वर काकडीच्या चकत्या, त्यावर कोंबडी, मग कागद चारही बाजूंनी दुमडून रबर. हा कागद मिळाला तर भाग्य समजा, कारण त्यातून वाफ बाहेर पडते आणि भात मोकळा राहतो. प्लॅस्टिकच्या डब्यात झाकणाला पाणी सुटतं आणि ते परत भातावर पडतं. म्हणून मी आता घरून स्टीलचा दोन पुडाचा डबा नेते. खालच्या पुडात भात, वरच्यात कोंबडी. इथे असा टिफिन नवा नाही, मलय भाषेत त्याला 'तिंगकात' म्हणतात आणि जुन्या घरांत तो असतोच. पहिल्यांदा डबा पुढे केला तेव्हा आंटींनी तो हातात घेऊन कड्या उघडून-लावून पाहिल्या आणि तंगडीचे दोन तुकडे जास्त घातले.

गाळा सोडण्याआधी पिशवीत तीन गोष्टी आहेत का बघा: लाल चिली, आल्याची चटणी आणि काळा, घट्ट, गोडसर सोया सॉस. काही ठिकाणी या बरण्यांतून आपण भरून घ्यायच्या असतात, छोट्या पुड्या किंवा वाट्या शेजारीच ठेवलेल्या असतात. चटणीशिवाय घरी आलात तर जेवण फिकं होणार. चिलीमध्ये लाल मिरची, लसूण, आलं, लिंबाचा रस आणि कोंबडीचं पाणी वाटलेलं असतं. चव आपल्या ओल्या मिरचीच्या ठेच्याच्या जवळची, फक्त पातळ आणि आंबट. सूप वेगळ्या पिशवीत गाठ मारून देतात. ती पिशवी इतर सामानाच्या वर, उभी ठेवा.

घरी नेताना

मेट्रोत पार्सल न्यायला हरकत नाही, उघडून खायला आहे. 500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि तिथे कुणी सूट देत नाही. पाण्याचा घोटसुद्धा घेऊ नका.

मी पहिल्यांदा घेतलेलं पार्सल माझ्याच हाताने वाया घालवलं. दुपारी घेतलं, ऑफिसच्या टेबलावर तीन तास ठेवलं आणि मग सवयीने सगळं एकत्र मायक्रोवेव्हमध्ये घातलं. कोंबडी दोरीसारखी झाली, कातडीखालचा थर वितळून भातात गेला, काकडी शिजली. मला वाटलं पदार्थच असा आहे, आणि पुढचे कितीतरी दिवस मी त्या गाळ्यासमोरून तोंड फिरवून गेले.

म्हणून, घेतल्यापासून तासाभरात खा. दोन तासांच्या पुढे बाहेर ठेवू नका. इथली हवा दमट आणि उष्ण आहे, शिजलेला भात आणि कोंबडी दोन्ही लवकर बिघडतात. भात गार झाला तर तेवढाच वेगळा काढून, पाण्याचा हबका मारून गरम करा. ताजी आणलेली पांढरी कोंबडी गरम करू नका. रोस्टेड असेल तर तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवून दोन मिनिटं चालते.

पहिला घास

चमच्यात नुसता भात घ्या. काहीही न घालता. आलं, लसूण, पांदान आणि मागून येणारी कोंबडीची चव ओळखा. दाणे चमकत असतील पण ताटलीला तेल लागत नसेल, तर गाळा बरोबर निवडला. दुसऱ्या घासाला भात आणि कोंबडी, अजूनही चटणी नाही. तिसऱ्याला थोडी आल्याची चटणी. चौथ्याला चिली, आणि मग भातावर काळ्या सॉसची बारीक धार. इथली माणसं यापुढे आपापलं प्रमाण ठरवतात. कुणी सगळं कालवून खातं, कुणी प्रत्येक तुकडा चिलीत बुडवतं. काटा-चमचा वापरतात, पण घरी हाताने खाल्लंत तर भात जास्त चांगला लागतो असं माझं ठाम मत आहे.

सूप शेवटी नाही, मधेमधे प्यायचं. ते जिभेवरचा चरबीचा थर धुऊन टाकतं.

लोणचं, दही, घरची आमटी हे पहिल्या खेपेला तरी फ्रीजमध्येच राहू द्या. आमचे एक पाहुणे पहिल्या घासालाच कालचा रस्सा ओतून मोकळे झाले. नंतर 'आपल्यासारखंच लागतं' म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण त्यांनी आपलंच खाल्लं होतं.

ताज्या कोंबडीला इथे किती किंमत आहे हे 2022 मध्ये दिसलं. मलेशियाने 1 जूनपासून कोंबडीची निर्यात थांबवली. सिंगापूरच्या कोंबडीतला जवळजवळ एक तृतीयांश वाटा तेव्हा तिथून येत होता, बहुतेक जिवंत. गोठवलेल्या कोंबडीची ती घट्ट कातडी आणि तो थर येत नाही म्हणून काही गाळेवाल्यांनी पांढरी कोंबडी बनवणंच थांबवलं. धंद्यातलं नुकसान सोसलं, पण चव सोडली नाही. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने डिसेंबर 2020 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते अशा माणसांमुळे.

उरलं तर

जेवण झाल्यावर लगेच, उशीर न करता, भात आणि कोंबडी वेगवेगळी करून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी हाडांवरचं मांस सोडवा. हाडं, आल्याचा तुकडा, चार लसूण पाकळ्या, चिमूटभर हळद आणि मीठ घालून कुकरला तीन शिट्ट्या द्या. आळणी तयार. उरलेला भात कढईत हिरव्या मिरचीवर परता, मांस शेवटी घालून चांगलं वाफ येईपर्यंत गरम करा आणि आळणीची वाटी बाजूला ठेवा. शिळी चिली संपवायची जागाही हीच. काळा सॉस उरला तर टाकू नका, उकडलेल्या अंड्यावर तो फार छान लागतो.

कामानिमित्त बँकॉकला किंवा मलाक्काला जाणं झालं तर तिथेही विचारा. थायलंडमध्ये 'खाओ मन काई' म्हणून हाच भात आंबवलेल्या सोयाबीनच्या झणझणीत चटणीबरोबर मिळतो, आणि मलाक्कात भाताचे हातात मावतील एवढे गोळे वळून देतात. गोळे आवडतात मुलांना. आमच्या मुलीने सहा खाल्ले होते.